माग काढणारा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ॲडलेडमध्ये भाच्याच्या ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होते. एका कानाशी खांद्याने दाबून धरलेला फोन, दोन्ही हात पिठाचे. "ताई, यंदाचा विषय 'माग'," ते म्हणाले. "तुम्ही तिकडे आहातच, तर तिकडचं काही बघून या. घरात बसून लिहू नका." शेवटचं वाक्य जरा लागलं, पण रास्त होतं. आल्यापासून तीन आठवडे मी घर आणि भाजीबाजार यापलीकडे गेले नव्हते.

माग म्हटलं की मला जागल्या आठवतो. मी पाहिलेला नव्हे, आजोबांच्या गोष्टींतला. पूर्वी गावातलं जनावर चोरीला गेलं की जागल्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि माग शेजारच्या गावात शिरला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवेल त्या गावाने नुकसान भरून द्यायचं. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या रीतीची दखल घेतली आहे. पाऊल वाचणाऱ्या माणसाशिवाय गावाचा कारभार चालत नसे, आणि तरी गावाच्या पंगतीत त्याचं पान कुठे मांडलं जायचं हे सांगायला नको.

रात्री जेवताना भाच्याला विषय सांगितला. त्याने घास तसाच ठेवून विचार केला. "मावशी, या देशात माग काढणारा म्हटलं की एकच चेहरा येतो डोळ्यांपुढे. तुम्ही बघितलाय त्याला. 'क्रोकोडाइल डंडी'त होता."

मी 'क्रोकोडाइल डंडी' पाहिला होता, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, आठ-दहा शेजाऱ्यांसकट. रात्रीच्या जंगलातून एक आदिवासी तरुण अंगावर रंगाचे पट्टे ओढून येतो. अमेरिकन बाई त्याचा फोटो काढायला जाते तेव्हा तो म्हणतो की नाही काढता येणार. आपला आत्मा कैद होईल अशी याला भीती असणार, असं तिला वाटतं. तसलं काही नसतं. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचं राहिलेलं असतं. आम्ही सगळे खदखदून हसलो होतो. त्याचं नाव विचारावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं.

त्याचं नाव डेव्हिड गुल्पिलिल. हा लेख त्याच्याविषयी आहे.

चित्रपटाआधीची पाटी

जेवण झाल्यावर भाच्याने 'रॅबिट-प्रूफ फेन्स' लावला. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी आली. आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या प्रेक्षकांनी सावध असावं, या चित्रपटात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात, अशा अर्थाची. भाच्याचा अंगठा सवयीने रिमोटकडे गेला. मी म्हटलं, थांब, वाचू दे.

ऑस्ट्रेलियात टीव्हीवर, संग्रहालयांत ही पाटी सतत दिसते. तिथल्या अनेक आदिवासी समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव उच्चारायचं नाही आणि त्याचं चित्र बघायचं नाही, अशी रीत आहे. काही ठिकाणी तेच नाव असलेल्या जिवंत माणसालासुद्धा तेवढ्या काळापुरतं दुसऱ्या नावाने हाक मारतात. सिनेमा आल्यावर या रीतीची मोठीच पंचाईत झाली, कारण सिनेमात मेलेली माणसं चालतात, बोलतात, हसतात. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी गुल्पिलिल वारला तेव्हा सगळ्या देशाने, वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनीही, काही काळ त्याचा उल्लेख डेव्हिड डालाइथन्गू असा केला. पुढे कुटुंबाची मुभा मिळाली, म्हणून आज त्याचं नाव मोकळेपणाने लिहिता येतं. ज्याचं नाव पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत धड लिहिलंही नव्हतं, त्याच्या बाबतीत हे घडलं. त्याकडे मी येतेच.

'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा १९३१ सालच्या खऱ्या घटनेवरचा चित्रपट. आईबापांपासून तोडून सरकारी वसतीत आणून ठेवलेल्या तीन मुली पळून जातात आणि सशांना अडवायला बांधलेल्या कुंपणाच्या आधाराने घराकडे चालू लागतात. अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. त्यांच्या मागावर पाठवलेला माणूस म्हणजे मूडू, म्हणजेच गुल्पिलिल. सबंध चित्रपटात त्याच्या तोंडी मोजून काही वाक्यं आहेत. तो घोड्यावर बसतो, उतरतो, जमिनीकडे बघतो. मुलींनी पाण्यातून चालून पावलं पुसली आहेत हे त्याला कळतं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. हसू म्हणावं तर हसू नव्हे. मुली निसटल्याचा राग तिथे नाही आणि उघड आनंदही नाही. चांगल्या गवयाने दुसऱ्या गवयाची एखादी जागा ऐकून मान किंचित हलवावी, तसं काहीतरी. त्याची स्वतःची मुलगी त्याच वसतीत अडकलेली आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. म्हणजे ज्या मुलींना पकडून आणायचं त्यांच्यासारखीच एक त्याच्या घरची, आणि ती हाताशी राहावी म्हणूनच तो ही चाकरी करतो आहे. एवढं सगळं त्या हलक्या हालचालीत मावतं. मी ती जागा तीनदा मागे नेऊन बघितली. भाचा झोपायला निघून गेला.

मनिंग्रिडाचा नाचरा पोरगा

गुल्पिलिल हा योल्न्गू लोकांपैकी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला अर्नहेम लँड नावाचा मुलूख आहे, तिथला. सरकारी कागदावर जन्मतारीख १ जुलै १९५३ अशी, पण ती अंदाजाने टाकलेली. 'गुल्पिलिल' म्हणजे खंड्या पक्षी, मासे टिपणारा. लहानपण शिकार, मासेमारी आणि नाच यांत गेलं. अनेक आदिवासी भाषा येत होत्या, इंग्रजी मात्र फारसं येत नव्हतं.

निकोलस रोएग हा इंग्रज दिग्दर्शक चित्रीकरणाच्या जागा हेरत मनिंग्रिडा या वस्तीवर पोचला. तिथे त्याला नाचणारा हा मुलगा दिसला, साधारण सोळा वर्षांचा. रोएगला त्याच्या 'वॉकअबाउट'साठी असाच मुलगा हवा होता. पटकथा म्हणून हाताशी जेमतेम चौदा पानं होती. गोष्ट अशी की शहरातली एक गोरी मुलगी आणि तिचा लहान भाऊ वाळवंटात एकटे पडतात आणि वयात येताना एकट्याने भटकंतीला निघालेला एक आदिवासी मुलगा त्यांना वाचवतो.

यातला पाण्याचा प्रसंग मला सगळ्यांत आवडतो. झऱ्याचं डबकं आटलेलं आहे. तहानेने व्याकूळ झालेली मुलगी त्या मुलाला अस्सल इंग्लिश उच्चारांत पाणी मागते. त्याला कळत नाही. ती तेच अधिक सावकाश आणि अधिक मोठ्याने म्हणते. परमुलखात आपण सगळेच असं करतो. शेवटी धाकटा भाऊ बोटं तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण करतो आणि त्या मुलाचा चेहरा उजळतो. तो एक पोकळ नळी वाळूत खुपसतो आणि खालचं पाणी ओढून दाखवतो. मुलीची भूमिका करणारी जेनी अगटर ही तेव्हाच शिकलेली, सराईत नटी होती. पण त्या चौकटीत नजर खिळते ती या मुलावर. त्याला कॅमेऱ्याची भीड नाही आणि हौसही नाही. शिकारीच्या प्रसंगात तो धावतो, भाला फेकतो, जनावर सोलतो, आणि यातलं काहीही नाटक वाटत नाही, कारण ते नव्हतंच.

चित्रपटाचा शेवट मला आजही पचत नाही. मुलगा त्या मुलीसाठी रात्रभर नाचतो. ते मागणं घालणारं नृत्य आहे हे तिला उमगत नाही, ती घाबरून घरात दडून बसते. सकाळी तो झाडाला लटकलेला सापडतो. समीक्षकांनी या शेवटावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला एवढंच दिसतं की गोऱ्या मुलांना वाट दाखवून झाल्यावर गोष्टीला त्याचं काय करायचं हे सुचलं नाही.

'वॉकअबाउट' १९७१ साली कान महोत्सवात गेला. श्रेयनामावलीत नाव पडलं 'गुम्पिलिल'.

गूल्वाची वाळू

संपादकांचं वाक्य मनात घर करून होतं, म्हणून एका शनिवारी आम्ही गूल्वाला गेलो. मार्च होता, उन्हाळा उतरत होता. ॲडलेडपासून दक्षिणेला दीड तासाच्या आत मरे नदी समुद्राला भेटते, तिथे हे गाव आहे. पलीकडे वाळूच्या लांबलचक पट्टीआड खाऱ्या पाण्याचा कूराँग सुरू होतो. १९७६ साली गुल्पिलिलचा 'स्टॉर्म बॉय' हा चित्रपट या भागात चित्रित झाला.

किनाऱ्यावर लोक विचित्र नाचत होते. घोटाभर पाण्यात उभं राहून टाचा डावी-उजवीकडे फिरवत, वाळू घुसळत. भाचा म्हणाला, "शिंपल्या काढतायत, मावशी." लाट मागे गेली की टाचेखाली काहीतरी टणक लागतं, मग खाली वाकायचं. मीही चपला काढून करून बघितलं. दहा मिनिटांत चार शिंपल्या. आमच्या कोकणातल्या तिसऱ्यांची चुलत भावंडं. नंतर कळलं की या वाळूत लोक हजारो वर्षं असंच वाकत आले आहेत. कूराँगच्या टेकाडांवर वारा वाळू उडवतो तेव्हा खाली जुन्या शिंपल्यांचे थरच्या थर दिसतात. हा न्गारिंजेरी लोकांचा मुलूख.

'स्टॉर्म बॉय'मध्ये गुल्पिलिलने फिंगरबोन बिल नावाच्या न्गारिंजेरी माणसाची भूमिका केली आहे. तो स्वतः योल्न्गू, त्याचं गाव तीन हजार किलोमीटर लांब, भाषा वेगळी, रीतीभाती वेगळ्या. काश्मिरी माणसाला तमिळ गुराखी करायला लावावं तसं हे. पण तेव्हाच्या सिनेमाला आदिवासी हवा होता, कुठला ते महत्त्वाचं नव्हतं. तोही हवा होता हेच पुष्कळ म्हणायचं. १९७२ च्या 'बोनी' या टीव्ही मालिकेत अर्धा आदिवासी असलेला गुप्तहेर एका गोऱ्या नटाने साकारला होता आणि त्याच मालिकेत गुल्पिलिल लहानसहान कामात होता.

बापाबरोबर एकांतात राहणारा एक मुलगा, त्याने वाढवलेला पेलिकन आणि त्या दोघांना समुद्रकाठ शिकवणारा बिल. पुन्हा वाटाड्याचंच काम. पण इथे पहिल्यांदा गुल्पिलिलला थट्टा करायला, खट्याळ हसायला, निवांत बसायला सवड मिळाली आहे. हातपाय कसे लांबच लांब पसरून बसतो तो! चित्रपट बेफाम चालला आणि इथल्या एका पिढीचं बालपण होऊन बसला. त्यातला मिस्टर पर्सिव्हल नावाचा पेलिकन पुढे ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात २००९ पर्यंत जगला आणि तो मेला तेव्हा त्याच्या मृत्यूच्या बातम्या छापून आल्या. २०१९ साली 'स्टॉर्म बॉय' नव्याने निघाला, तेव्हा बिलची भूमिका दुसऱ्याने केली आणि गुल्पिलिल बिलचा बाप झाला.

गूल्वाच्या धक्क्यावर पेलिकन होतेच, चोचीखालची झोळी हलवत, मासेवाल्यांच्या मागे मागे. त्यांच्याकडे बघताना भाच्याने विचारलं, "त्याला किती पैसे मिळाले असतील हो?" या चित्रपटाचं मला ठाऊक नाही. पण 'क्रोकोडाइल डंडी'ने जगभर तीस कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि त्यातून आपल्या वाट्याला दहा हजार डॉलर आले, असं गुल्पिलिल सांगत असे.

तो पुढे, घोडे मागे

ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी शंभराहून अधिक वर्षं आदिवासी माग काढणारे पदरी ठेवले. नेड केली हा तिथला सर्वांत नावाजलेला दरोडेखोर. १८७९ साली त्याच्या मागावर क्वीन्सलँडमधून आदिवासी पथक आणलं गेलं आणि पोलिसांच्या फौजेपेक्षा केलीला धसका होता तो याच मूठभर लोकांचा. हे लोक काय बघत? उलटलेल्या दगडाची ओली बाजू किती सुकली आहे, मोडलेलं गवत पुन्हा किती उभं राहिलं आहे, ठशाची कड वाऱ्याने किती ढासळली आहे, ठशावरून मुंग्या जाऊन गेल्या आहेत का. सूर्य तिरपा असताना ठसा उठून दिसतो, माथ्यावर आला की सपाट होतो, म्हणून दुपारी थांबायचं. पावलाच्या कुठल्या बाजूवर भार आहे यावरून माणूस लंगडतो, ओझं वाहतो की घाबरून धावतो तेही कळायचं.

या कसबाला एक काळी बाजू होती आणि आपल्या जागल्यापेक्षा ती फार काळी होती. ज्यांचा माग काढायचा ते बहुतेक वेळा आपलेच असत.

सिनेमाने गुल्पिलिलला हे काम वारंवार दिलं. २००२ साली मात्र दिग्दर्शक रॉल्फ डी हीरने त्याला घेऊन 'द ट्रॅकर' काढला. इतकी वर्षं पडद्यावर काढल्यानंतर गुल्पिलिलची ही पहिली प्रमुख भूमिका. साल १९२२. तीन गोरे घोड्यावर, आणि त्यांच्या पुढे पायी एक आदिवासी. गोऱ्या बाईच्या खुनाचा आरोप असलेल्या दुसऱ्या आदिवासीच्या मागावर. पात्रांना नावं नाहीत. एक माथेफिरू, एक चेला, एक मुरलेला, एक माग काढणारा. चित्रीकरण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगरात झालं. जिथे हिंसा येते तिथे डी हीर कॅमेरा वळवतो आणि पीटर कोडने काढलेली चित्रं दाखवतो. आर्ची रोचची गाणी मागे चालू राहतात.

सुरुवातीला हा माग काढणारा "होय, साहेब" करणारा, लाचार वाटतो. हळूहळू शंका येते की हा मुद्दाम हळू चालतो आहे का? तो जमिनीवर बघतो आणि सांगतो की इकडे. जमीन आपल्यालाही दिसते, पण आपल्याला तिथे काहीच दिसत नाही आणि गोऱ्यांनाही नाही. चौघांत ज्ञान एकाकडेच आहे आणि त्याच्याच गळ्यात साखळी आहे. गुल्पिलिल हे सगळं चालीतून करतो. पाठ थोडी वाकलेली, पाय मात्र जमिनीला ओळखीने टेकलेले. एका क्षणी तो हसतो ते गोऱ्यांना खूश करायला की त्यांच्या मूर्खपणाला, हे शेवटपर्यंत कळू देत नाही. कुणीतरी नटाला हे शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

शेवटी माथेफिरूचा न्याय तोच करतो आणि त्याला फासावर चढवतो. १९७१ मध्ये झाडाला लटकलेला तो होता, हे माझ्या मनातून जात नव्हतं. या भूमिकेसाठी त्याला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'रॅबिट-प्रूफ फेन्स'ही आला. एकाच वर्षात दोन माग काढणारे, आणि दोघांनीही मालकांच्या हाती हवा तो माग लागू दिला नाही.

दहा होड्या

गुल्पिलिलने डी हीरला एक जुना फोटो दाखवला. डॉनल्ड टॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अर्नहेम लँडमध्ये काढलेला. अराफुरा दलदलीत झाडाच्या सालीच्या होड्यांतून माणसं चालली आहेत, पाणपक्ष्यांची अंडी गोळा करायला. गुल्पिलिलचं म्हणणं असं की चित्रपट काढायचा तर यावर काढ, आणि होड्या दहा हव्यात.

त्यातून २००६ साली 'टेन कनूज' झाला, संपूर्ण संवाद आदिवासी भाषांत असलेला पहिला ऑस्ट्रेलियन कथापट. त्याची तयारी ऐकण्यासारखी आहे. पात्रनिवड दिग्दर्शकाने केली नाही, नात्याने केली. फोटोतला माणूस ज्याचा आजा किंवा पणजा, त्यानेच तो व्हायचं. कोणी कुणाची बायको म्हणून उभं राहायचं हेही खऱ्या नात्यात ते लग्न चालण्यासारखं असेल तरच. सालीच्या होड्या बांधण्याचं कसब म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरलं होतं, ते पुन्हा हाताला आलं. दलदलीत मगरी, जळवा आणि डास. गुल्पिलिलचा मुलगा जेमी प्रमुख भूमिकेत होता. गुल्पिलिल स्वतः पडद्यावर आला नाही, त्याने फक्त निवेदन केलं. पण काय निवेदन! गोष्ट सांगता सांगता तो प्रेक्षकाची टर उडवतो, थांबतो, पुन्हा मागे जातो. आमची आत्या अशीच गोष्ट सांगायची. मूळ धागा सोडून तिसरीकडेच जायची आणि आम्ही चुळबुळलो की ओरडायची. 'टेन कनूज'ला कानमध्ये 'अन सर्टन रिगार्ड' विभागात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

चार्लीचा भाला

आता जे लिहायचं ते टाळता येत नाही. कानच्या लाल गालिच्यावरून गुल्पिलिल परत जायचा तो रामिनगिनिंगला, पत्र्याच्या खोपटात. तिथे अनेक वर्षं तो तसाच राहिला. दारू, गांजा, तुरुंग, यातलं काहीच त्याने स्वतःवरच्या माहितीपटात लपवलेलं नाही. २०११ साली डार्विनच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली, बायकोला मारहाण केल्याबद्दल. तिचा हात मोडला होता. त्याच्यावरचे अनेक लेख हा मजकूर एका ओळीत उरकतात आणि पुढच्या ओळीत दोन जगांमधल्या फरफटीविषयी लिहितात. फरफट खरी आहे, आणि मोडलेला हात त्या बाईचा होता हेही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

डी हीर त्याला तुरुंगात भेटायला गेला. गुल्पिलिलला चित्रपट करायचा होता. दोघांच्या बोलण्यातून पटकथा उभी राहिली आणि 'चार्लीज कंट्री' झाला. म्हातारा चार्ली आपल्या मित्राबरोबर रेड्याची शिकार करतो. पोलीस बंदूक जप्त करतात, गाडी जप्त करतात, रेडाही जप्त करतात. मग चार्ली एका झाडाची काठी तासून भाला करतो. पोलीस तोही नेतात, धोकादायक हत्यार म्हणून. प्रेक्षक हसतात. चार्लीही हसतो. आणि मग तो कंटाळून जंगलात निघून जातो, आपल्या पद्धतीने जगायला. पाऊस येतो, तो आजारी पडतो, विमानाने डार्विनच्या इस्पितळात, तिथून दारुड्यांच्या टोळक्यात, तिथून कैदेत.

'वॉकअबाउट'मध्ये गोरे शिकारी गाडीतून बंदुका घेऊन येतात, रेडे पाडतात आणि मुलगा हतबुद्ध होऊन बघत राहतो. चाळीस वर्षांनी तोच चेहरा, रेडा तोच, आणि गुन्हेगार ठरतो हा. हा योगायोग डी हीरने जाणूनबुजून आणला की नाही ते माहीत नाही, पण मी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले होते आणि खुर्चीतून उठवेना.

कैदेच्या भागात एक प्रसंग आहे, केस भादरण्याचा. कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही. ते मोठं पांढरट केसांचं टोपलं आणि दाढी खाली पडत जाते आणि आतून एक लहान, उघडं डोकं निघतं. गुल्पिलिल काहीही 'करत' नाही. डोळे कॅमेऱ्याच्या थोडे बाजूला. नट रडवायला बसतात तेव्हा मी सहसा रडत नाही.

२०१४ साली कानमध्ये 'अन सर्टन रिगार्ड' विभागात त्याला या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. चार्लीला शेवटी घरी परत येऊन पोरांना नाच शिकवताना दाखवलं आहे.

मरे ब्रिज

शेवटी गेलो ते मरे ब्रिजला. ॲडलेडच्या टेकड्या ओलांडून पाऊण-एक तास, नदीकाठचं मध्यम गाव. गुल्पिलिलला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं २०१७ साली कळलं, डॉक्टरांनी काही महिनेच दिले होते. तो चार वर्षं जगला, तीही इथे. दवाखाना, उपचार आणि शुश्रूषा इथे. अर्नहेम लँडला परतणं म्हणजे उपचार सोडणं. जो माणूस सगळ्यांना घरची वाट दाखवत राहिला त्याला स्वतःच्या घरी जाता येईना. याच काळात मॉली रेनॉल्ड्सने त्याच्यावर माहितीपट केला. तो कॅमेऱ्याकडे बघून आपल्याच मरणाविषयी बोलतो, कधी गंभीर, कधी चेष्टेत. कच्च्या रस्त्यावरून तो आणि एक एमू पक्षी चालताना दिसतात, दोघंही सारख्याच उंच मानेचे.

तो कुठल्या घरात राहत होता हे शोधत फिरणं मला प्रशस्त वाटलं नाही. आम्ही नदीकाठच्या बागेत बसलो. तिथे एका पिंजऱ्यात 'बन्यिप' आहे, आदिवासी कथांतला पाण्यातला राक्षस. बटण दाबलं की यांत्रिक बन्यिप पाण्यातून वर येतो आणि गुरगुरतो. एका लहान मुलीने चार वेळा बटण दाबलं आणि चारही वेळा ती किंचाळून आईकडे पळाली. खंड्या दिसला असता तर लेखाला बरं झालं असतं. दिसला नाही. पेलिकन होते, बदकं होती, आणि मातकट, संथ मरे.

भाचा म्हणाला, "मावशी, रामिनगिनिंगला नाही जायचं?" अर्नहेम लँडमध्ये शिरायला तिथल्या जमीनधारकांचा परवाना लागतो, पावसाळ्यात रस्ते बुडतात, आणि मुख्य म्हणजे माझे गुडघे. नाही गेले.

गुल्पिलिल मात्र गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे मरे ब्रिजहून त्याचं शव चार हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून रामिनगिनिंगकडच्या गुपुलुलला, त्याच्या भूमीवर नेलं आणि योल्न्गू रीतीने तिथे दफन केलं. त्या प्रवासावरही चित्रपट आहे.

मॉली रेनॉल्ड्सच्या माहितीपटाचं नाव 'माय नेम इज गुल्पिलिल'. नाव बरोबर लिहिलेलं.

यातलं काही बघायला बसणार असाल तर 'चार्लीज कंट्री'पासून सुरुवात करा, 'वॉकअबाउट' शेवटी. आणि सुरुवातीला ती पाटी आली की रिमोटला हात लावू नका.